ग्रास कटर घेताना दुकानात काय विचारावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाचा पाऊस स्थिरावला की कोकणात आवारातले गवत बघता बघता गुडघ्याला लागते. गणपतीआधी खळे, पाणंद, विहिरीची वाट मोकळी करायची असते आणि नेमका तेव्हाच गडीमाणूस मिळत नाही. त्यामुळे घरोघरी ग्रास कटर आले, आणि ते चांगलेच झाले. पण यातली बरीच यंत्रे दुसऱ्या पावसाळ्यात सुरूच होत नाहीत. आमच्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांपुढे ती उघडली जातात तेव्हा कारखान्यातला दोष क्वचितच निघतो. यंत्र त्या आवाराच्या कामाचे नसते, त्यात चुकीचे इंधन पडलेले असते, नाहीतर बोटाएवढा एखादा सुटा भाग तालुक्यात कुठेच मिळत नसतो. या तिन्ही गोष्टी खरेदीच्या दिवशी दुकानातच टाळता येतात. यंदा यंत्र घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी हे जरा सविस्तर पत्र.

दुकानात जाण्याआधी आपले आवार किती आणि त्यात काय उगवते ते बघावे. बंगल्याभोवती एक-दोन गुंठे हिरवळ असेल, कडेला हरळी आणि लव्हाळा असेल, तर बॅटरीवरचा हलका ट्रिमर पुरतो. दोन ते दहा गुंठ्यांचे आवार आणि कमरेपर्यंतचे मऊ गवत असेल, तर २५ ते ३५ सीसीचे (सीसी म्हणजे सिलिंडरचे घनसेंटिमीटरमधले आकारमान) चार-स्ट्रोक पेट्रोल यंत्र, म्हणजे ज्यात तेल वेगळे भरतात ते, हा आमच्या मते सर्वांत निर्धोक पर्याय. त्यापुढची जागा, त्यात रानमोडी, घाणेरी, जून झालेला टाकळा असा लाकडी बुंध्याचा झाडोरा असेल, तरच ४० ते ५२ सीसीच्या दोन-स्ट्रोक यंत्राचा, म्हणजे ज्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळतात त्याचा, विचार करावा. आणि वर्षातून दोनदाच सफाई होत असेल, तर यंत्र घेऊच नये, मशीनवाल्याला बोलवावे. ही यंत्रे चालवल्यापेक्षा नुसती ठेवल्याने जास्त बिघडतात. का, ते पुढे येईलच.

दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो सीसीचा. त्यावर भाळू नये. तो पडताळून बघावा. बाजारातल्या बहुतेक स्वस्त दोन-स्ट्रोक यंत्रांवर चिनी धाटणीचे इंजिन असते आणि त्याचा क्रमांक इंजिनावर किंवा स्टिकरवर असतो. ‘१ई४०एफ-५’ म्हणजे एक सिलिंडर आणि ४० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. पिस्टनची धाव ३४ मिलिमीटर, म्हणजे इंजिन भरते ४२.७ सीसी. ‘१ई४४एफ-५’ मध्ये बोअर ४४ मिलिमीटर, म्हणून ५१.७ सीसी. यालाच सगळे ‘५२ सीसी’ म्हणतात. खोक्यावर ५२ आणि इंजिनावर ४० दिसले, तर ते यंत्र ४३ सीसीचेच आहे, खोका काहीही म्हणो. अश्वशक्तीचेही तसेच. या ५२ सीसी इंजिनाची ताकद साधारण १.४५ किलोवॅट सांगितली जाते. ७४६ वॅट म्हणजे एक एचपी, या हिशेबाने ती दोन एचपीलाही जरा कमीच भरते. तरी खोक्यावर तीन-साडेतीन एचपी छापलेले दिसते. खोक्यावरचा एचपीचा आकडा बाजूला ठेवावा आणि किलोवॅट किती ते विचारावे. तो आकडाच दुकानदाराला माहीत नसेल, तर पुढच्या प्रश्नांची उत्तरेही तिथे मिळणार नाहीत.

घरच्या वापराला मोठे इंजिन म्हणजे जास्त वजन, जास्त हादरा आणि जास्त पेट्रोल. चार-स्ट्रोकमध्ये मापदंड म्हणून होंडाचे जीएक्स-३५ इंजिन धरता येईल: ३५.८ सीसी, मिनिटाला ७,००० फेऱ्यांना १ किलोवॅट, पूर्ण रेसवर तासाला पाऊण लिटरच्या आत पेट्रोल. त्याच कामाला ५२ सीसी दोन-स्ट्रोक लिटरभर किंवा त्याहून जास्त पिते. मऊ गवताला एक किलोवॅट भरपूर झाला. लाकडी बुंधे पात्याने कापायचे असतील तेव्हाच जास्त ताकदीचा खरा उपयोग होतो.

आता इंधनाकडे येऊ, कारण निम्म्याहून अधिक इंजिने इथेच मरतात. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, ४०:१ म्हणजे २५ मिलिलिटर, ५०:१ म्हणजे २० मिलिलिटर. स्वस्त इंजिनांना बहुधा २५:१ लागते. नामांकित कंपन्यांची काही इंजिने ५०:१ वर चालतात, पण त्यासाठी त्या कंपनीने सांगितलेलेच तेल हवे. अंदाजाने बाटलीच्या टोपणाने तेल ओतू नये. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे टोपण किंवा सुईविना सिरिंज वापरावी. मिश्रण यंत्राच्या टाकीत करू नये, कॅनमध्ये करावे: आधी निम्मे पेट्रोल, मग सगळे तेल, नीट हलवून उरलेले पेट्रोल, आणि प्रत्येक वेळी टाकी भरण्यापूर्वी कॅन पुन्हा हलवावा.

तेल कोणते, यातही किनारपट्टीवर एक चूक सर्रास होते. मच्छीमार होड्यांच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी मिळणारे टीसी-डब्ल्यू३ प्रकारचे तेल ‘टू-टीच आहे’ म्हणून ग्रास कटरमध्ये घातले जाते. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते. ग्रास कटर हवेवर थंड होतो, त्याचे सिलिंडर त्याहून बरेच तापते. डब्यावर जेएएसओ (हे जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेले तेल घ्यावे. आणि मोटारसायकलचे चार-स्ट्रोक इंजिनाचे तेल मिश्रणात कधीही घालू नये. ते नीट जळत नाही, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळीचा थर बसून यंत्राचा जोर जातो.

तेल न घालता साधे पेट्रोल भरले, तर पूर्ण रेसवर दोन-स्ट्रोक इंजिन काही मिनिटांत जाम होते. ते ओळखणे सोपे आहे. सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले की समोर पिस्टन दिसतो. चांगल्या पिस्टनची बाजू गुळगुळीत असते. तेलाविना चाललेल्या पिस्टनवर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे असतात, काही ठिकाणी ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरला चिकटलेले असते. मग पिस्टन, रिंग आणि सिलिंडर तिन्ही बदलावे लागतात, आणि स्वस्त यंत्रात तो खर्च परवडत नाही. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने एवढे दोन स्क्रू जरूर काढून बघावेत.

चार-स्ट्रोकमध्ये मिश्रणाची कटकट नाही, पण तेलाची पातळी सांभाळावी लागते. जीएक्स-३५ मध्ये फक्त १०० मिलिलिटर तेल मावते. एवढ्या थोड्या तेलातले २० मिलिलिटर कमी झाले तरी फरक पडतो, म्हणून प्रत्येक वापरापूर्वी टोपण उघडून पातळी बघावी. जास्त भरले तर पांढरा-निळा धूर येतो आणि एअर फिल्टर तेलाने भिजतो. तेल १०डब्ल्यू-३० घालावे. पहिल्यांदा १० तासांनी किंवा महिन्याने बदलावे, मग दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ज्या घरात दोन्ही प्रकारची यंत्रे आहेत, किंवा कामाला येणारा माणूस दर वेळी वेगळा असतो, तिथे टाकीवर ऑइलपेंटने ठळक लिहून ठेवावे: ‘साधे पेट्रोल’ किंवा ‘मिक्स ४० मिली’.

पंपावरचे पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचे आहे, हे ग्रास कटरवाल्यांनी विशेष लक्षात घ्यायला हवे. छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचेच इथेनॉल चालेल असे छापलेले असते. म्हणून दुकानदाराला सरळ विचारावे, ‘हे यंत्र ई-२० ला चालते का, आणि तसे पुस्तिकेत आहे का?’ इथेनॉल हवेतले बाष्प ओढून घेते. पावसाळ्यात, त्यातही किनाऱ्यालगत, अर्धी भरलेली टाकी आठवडे तशीच राहिली की पाणी शोषलेले इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर नेमका तळाशीच पडलेला असतो. इंजिन मग पेट्रोलऐवजी तेच ओढते. शिवाय रबरी नळ्या फुगतात, नंतर चिरतात, आणि कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो. पडदा गेल्याचे लक्षण असे: चोक लावून यंत्र सुरू होते, चोक उघडून रेस दिली की बंद पडते. नळी चिरली असेल तर पेट्रोलचा पारदर्शक फुगा दाबताना त्यात सारखे बुडबुडे येतात. पडद्यांचा संच आणि नळ्या दोन्ही स्वस्त असतात. अडचण असते ती तुमच्या कार्बोरेटरला बसणारा संच गावात मिळण्याची.

म्हणून काम संपले आणि पुढचे काम आठवड्यापलीकडे असेल, तर टाकी रिकामी करावी, यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत हळू रेसवर चालू द्यावे, मग फुगा चार-पाच वेळा दाबून उरलेले थेंब टाकीत परत आणून तेही काढून टाकावेत. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करावे. पहिल्याच पावसाळ्यानंतर एवढे केले, तर पुढच्या जूनमध्ये यंत्र चार-पाच ओढींत सुरू होते. न केले, तर दुरुस्तीवाल्याच्या दारात रांग लावावी लागते. वर्षातून दोनदा लागणारे यंत्र घेऊ नका असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

सुट्या भागांचा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण यंत्र किती वर्षे टिकेल हे त्यावरच ठरते. ग्रास कटरचा पाइप बहुधा २६ किंवा २८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आतल्या दांडीच्या टोकाला ७ किंवा ९ दाते असतात. खालचे गिअर हेड, म्हणजे वायर किंवा पाते फिरवणारी गिअरची पेटी, घ्यायचे तर दोन्ही आकडे जुळायला हवेत. २८ मिलिमीटर आणि ९ दाते असलेल्या यंत्राला ७ दात्यांचे हेड बसतच नाही, आणि ओढूनताणून बसवले तर दाते घासून गुळगुळीत होतात. खरेदीच्या वेळी गिअर हेडचे बोल्ट सैल करून दाते मोजून घ्यावेत आणि आकडा पावतीच्या मागे लिहून ठेवावा. मग विचारावे: स्टार्टरचा पूर्ण संच, क्लचच्या पट्ट्या, क्लचची स्प्रिंग, कार्बोरेटरचे पडदे, पेट्रोलच्या नळ्या, एअर फिल्टर, नायलॉन हेड (वायरचे रीळ असलेला भाग), गिअर हेड — यातले आज दुकानात काय काय आहे? ‘मागवून देऊ’ या उत्तराचा अर्थ ऑगस्टमध्ये तीन आठवडे असा होतो. ऑनलाइन स्वस्त मिळालेल्या यंत्राबाबतही हाच प्रश्न आहे. इंजिनाचा क्रमांक सर्वसाधारण असेल तर भाग मिळतात. अनोळखी बनावटीचे असेल तर एका तुटलेल्या स्टार्टरसाठी अख्खे यंत्र भंगारात जाते.

कापणारी नायलॉन वायर यंत्राच्या ताकदीला जुळणारी हवी. बॅटरीच्या लहान ट्रिमरला १.६ ते २ मिलिमीटर, २५ ते ३५ सीसीला २.४, आणि ४० ते ५२ सीसीला ३ मिलिमीटर. जाड वायर जास्त टिकेल म्हणून लहान इंजिनाला लावली की फेरे कमी होतात, आणि नायलॉन कापते ते वेगाने, जाडीने नव्हे. फेरे घटले की गवत कापले न जाता हेडभोवती गुंडाळते. गोल वायर मऊ गवताला बरी, चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराची जून गवताला बरी, पण कडा लवकर झिजतात. जांभ्या दगडाचे गडगे आणि चिऱ्यांच्या पायऱ्या या वायरच्या वैरी आहेत. तिथे टोक दगडाला टेकू न देता वीतभर अंतर ठेवावे आणि उरलेले विळ्याने काढावे.

वायर भरताना होणाऱ्या चुका तर ठरलेल्याच. हेड उघडून साधारण चार-पाच मीटर वायर घ्यावी, मधोमध दुमडावी, दुमड रिळाच्या मधल्या खाचेत अडकवावी आणि दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात, रिळावरच्या बाणाच्या दिशेने, घट्ट आणि शेजारी शेजारी गुंडाळावेत. पदर एकमेकांवर चढले की आत घर्षणाने तापून नायलॉन एकजीव होतो, मग कितीही टेकवा, वायर बाहेर येत नाही. शेवटची वीतभर टोके रिळाच्या काठावरच्या खाचेत अडकवून भोकांतून बाहेर काढावीत, स्प्रिंग जागेवर आहे ना ते बघून झाकण लावावे. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पडून राहिलेली वायर कोरडी होऊन सारखी तुटते. ती दिवसभर पाण्यात भिजवली की पुन्हा लवचीक होते. वायर वाढवायची तर पूर्ण रेसवर हेड मातीवर हलकेच टेकवावे, दगडी फरशीवर आपटू नये. खालची टोपी फुटते.

आता गार्डबद्दल, आणि हे जरा कळकळीने. आपल्याकडे यंत्र घरी आले की पहिल्या दिवशीच खालचा प्लॅस्टिकचा गार्ड काढून टाकतात, ‘गवत अडकते’ म्हणून. त्या गार्डला एक लहान पोलादी पाते असते. वायर ठरावीक लांबीपुढे गेली की ते तिला छाटते. गार्ड गेला की वायर वीतभर जास्त लांब फिरते, तिला लागणारी ताकद एकदम वाढते, क्लच घसरून जळतो आणि इंजिन तापते. ‘क्लच दोन महिन्यांत गेला’ ही तक्रार घेऊन आलेल्या यंत्रावर गार्ड बहुधा नसतोच. हे झाले यंत्राचे. माणसाचे याहून वाईट. वायरच्या टोकाने उडालेला खडा नडगी फोडू शकतो, डोळ्याला लागला तर डोळा जातो. गार्ड ठेवावाच, आणि जाळीचा मुखवटा असला तरी आत पॉलिकार्बोनेटचा चष्मा घालावा, कारण बारीक कण जाळीतून आत येतात. कानांवर मफ हवेत, पायांत गमबूट हवेत. ओल्या गवतात लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो तो वेगळाच, म्हणून पायाला जखम असेल तर त्या दिवशी आवारात उतरू नये. यंत्र चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी, विशेषतः मुले आणि गुरे, असू नयेत. गाडी आणि खिडकीच्या काचाही त्याच अंतरात येतात.

गवतासाठी वायर आणि झाडोऱ्यासाठी पाते हा नियम. तीन पात्यांची ब्लेड, साधारण २५५ मिलिमीटर व्यासाची आणि २५.४ मिलिमीटरच्या भोकाची, रानमोडीपर्यंत चालते. ४० दात्यांची कार्बाइड चकती बुंधे कापायला लागते. ब्लेडची नटबोल्ट उलट्या आट्याची असते: घड्याळाच्या दिशेने फिरवली की सैल होते. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून आटे मोडतो. बाजारात लोखंडी साखळी किंवा तारेची हेडेही मिळतात. ती घेऊच नयेत. साखळीची एक कडी तुटली की ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. युरोपीय संघाने २०१२ साली अशा साखळीच्या अवजारांच्या विक्रीवर बंदी घालायला लावली, आपल्याकडे मात्र ती ‘फुकट अवजार’ म्हणून खोक्यात येतात.

सरळ पाइपच्या यंत्रांत हेड वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. म्हणून कापण्याचा झोका उजवीकडून डावीकडे घ्यावा, कापलेले गवत डावीकडे, म्हणजे आधी कापलेल्या जागेवर पडते. पाते लावले असेल तर त्याची पुढची-उजवी कड, घड्याळाच्या काट्याने बारा ते तीनच्या मधली, बुंध्याला लावू नये. तिथे पाते उसळी मारून मागे येते. पट्टा खांद्यावर असा बांधावा की हूक उजव्या कमरेच्या चार बोटे खाली येईल आणि हात सोडले तरी हेड जमिनीपासून जेमतेम वर तरंगेल. दोन्ही खांद्यांचा पट्टा मागून घ्यावा. एका खांद्याच्या पट्ट्यावर सात-आठ किलोचे यंत्र अर्ध्या तासात पाठ धरते.

झाडांची काळजी हा आमच्या भागातला स्वतंत्र विषय. आंब्या-काजूच्या कोवळ्या कलमांच्या बुंध्याला वायर दोन-तीनदा जरी घासली, तरी साल गोल सोलली जाते आणि कलम महिनाभरात वाळते. कलमाभोवती हातभर जागा विळ्यानेच साफ करावी. माडाचे खोड सोलले गेले तर माड लगेच मरत नाही, पण जखमेच्या जागी सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि तो आत शिरल्याचे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ठिबकच्या नळ्या आधी उचलून घ्याव्यात. हिवाळ्यात बांधावर खाजकुयलीच्या शेंगा पिकल्या असतील, तर तिथे यंत्र अजिबात चालवू नये. शेंगांवरची लव उडून अंगभर बसते आणि श्वासातही जाते. काँग्रेस गवत फुलावर येण्याआधीच कापावे, फुलल्यावर कापायचेच झाले तर तोंडाला फडके आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा.

बॅटरीच्या ट्रिमरमध्ये फसवणूक व्होल्टच्या आकड्यात होते. ‘२० व्होल्ट’ आणि ‘१८ व्होल्ट’ ही बहुधा एकच बॅटरी असते: पाच सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर २०-२१, चालताना सरासरी १८. खरा आकडा वॅट-तासांचा, म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास. १८ व्होल्ट, ४ ॲम्पिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. ट्रिमर ३०० वॅट ओढत असेल तर पंधरा मिनिटांत खेळ आटोपला. २ ॲम्पिअर-तासाची बॅटरी त्याच्या निम्मी. म्हणून खोक्यात किती ॲम्पिअर-तासाची बॅटरी आहे, जादा बॅटरीची किंमत किती, आणि ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर आहे का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. जादा बॅटरी बऱ्याचदा यंत्राच्या निम्म्या किमतीची निघते. घरी त्याच कंपनीचे ड्रिल असेल तर बॅटरी दोन्हीकडे चालते का ते बघावे. पावसाळा संपल्यावर बॅटरी निम्मी चार्ज ठेवून सावलीत ठेवावी, आणि काम संपताच गरम असताना चार्जला लावू नये. वायरवर चालणारे विजेचे ट्रिमर मात्र कोरड्या हंगामात आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या घरातच वापरावेत. ओल्या गवतात वायर ओढत फिरणे जीवावर बेतते.

पेट्रोल यंत्र दुकानातून उचलण्यापूर्वी थंड इंजिन स्वतः सुरू करून बघावे. दुकानदाराने आधीच गरम केलेले यंत्र काही सांगत नाही. फुगा सहा-सात वेळा दाबा, चोक लावा, पहिला ‘फट्’ आवाज येईपर्यंत ओढा, चोक उघडून पुन्हा ओढा. दोरी शेवटपर्यंत ओढायची नाही आणि सोडून द्यायची नाही, हाताने परत जाऊ द्यायची. हळू रेसवर हेड थांबलेले असले पाहिजे. ते फिरतच राहिले, तर हळू रेस जास्त लावलेली आहे किंवा क्लचची स्प्रिंग ढिली आहे, आणि असे यंत्र पट्ट्याला लटकवून चालणे धोक्याचे. मग इंजिन बंद करून हेड हातात धरून वर-खाली हलवून बघावे. नव्या यंत्राच्या गिअर हेडमध्ये खडखड नसावी. गिअर हेडच्या बाजूचा स्क्रू काढून आत ग्रीस आहे का तेही बघावे, कारण काही स्वस्त हेडांत ते नावालाच असते. पुढे दर २०-२५ तासांनी थोडे लिथियम ग्रीस भरावे. काम झाल्यावर हेडला हात लावता येत नसेल, तर ग्रीस संपले आहे. एअर फिल्टरचा स्पंज दर दहा तासांनी साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचे दोन थेंब चोळून पिळून बसवावा. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवावी.

आपल्या वृत्तपत्रामार्फत विक्रेत्यांना आमची विनंती आहे. पावतीवर इंजिनाचा क्रमांक, मिश्रणाचे प्रमाण, पाइपची जाडी व दाते, आणि यंत्र ई-२० ला चालते की नाही, या चार गोष्टी लिहून द्याव्यात. इंग्रजी-चिनी पुस्तिकेसोबत एक पान मराठीत छापून द्यावे, आणि गार्ड सुटा खोक्यात न देता दुकानातच बसवून द्यावा. ग्राहकांनीही या चार नोंदी नसतील तर पावती स्वीकारू नये. यंत्रांच्या पानभर जाहिराती मेअखेरीस सुरू होतात. त्याच सुमारास हे पत्र छापले गेले, तर खरेदीपूर्वी ते वाचकांच्या हाती पडेल.

आपले,
लांजा तालुक्यातील (जि. रत्नागिरी) शेती अवजारे दुरुस्त करणारे